गुरुग्राम ते पानिपत, मार्गे ऑइल कूलर

गुरुग्राम ते पानिपत हा प्रवास ज्यांनी केलेला नाही, त्यांनी खंत करण्याचे कारण नाही. राजधानी परिसराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा हा रस्ता आहे. वाटेत बर्फ नाही, दरी नाही, आणि जो एकमेव डोंगर लागतो तो कचऱ्याचा आहे. बसने हे अंतर एका सकाळीत कापता येते. आम्ही ते एका जुन्या जीपने कापले, आणि त्यासाठी लागलेल्या काळात लोक लडाखला जाऊन, तिथे आजारी पडून, बरे होऊन परत येतात. प्रवासाची थोरवी त्यात सोसलेल्या हालांवरून ठरत असेल तर आमचा प्रवास बराच थोर होता, आणि म्हणून तो लिहून ठेवणे मला भाग आहे.

आम्ही म्हणजे बाबा आणि मी. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात नद्यांचे पाणी मोजत असत. वर्धा जिल्ह्यातून दिल्लीला आलेला हा माणूस यमुनेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठाकाठाने जीपमधून हिंडत निवृत्त झाला. खात्याने ती जीप लिलावात काढली तेव्हा ती त्यांनीच घेतली. "लग्नाच्या वेळी मलासुद्धा इतकं न्याहाळून पाहिलं नव्हतं," असे आई त्यावर म्हणते, आणि बाबा ते नाकारत नाहीत. या जीपने एकदा हिमालयात जायचे, नद्या जिथे लहान असतात तिथपर्यंत, हा बेत आमच्या घरात दर उन्हाळ्यात ठरतो आणि दर पावसाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर जातो. मी पदार्थांच्या रचनेचे शास्त्र शिकले आणि गुरुग्रामच्या एका कंपनीत विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांवर संशोधन करते. म्हणजे बाबांच्या जीपचा वंश संपवण्याचा मला पगार मिळतो.

पेट्रोलच्या गाडीला राजधानी परिसरात पंधरा वर्षांचे आयुष्य मंजूर आहे. आमच्या जीपचे ते एप्रिलअखेर संपत होते. त्यानंतर दोनच मार्ग उरतात: भंगार, किंवा परराज्य. हिमाचलमधले नेगीजी नावाचे सफरचंदांचे बागायतदार ती घ्यायला तयार झाले. ते लेकीकडे पानिपतला आले होते, आणि बागेत फुलोरा असल्यामुळे रविवारी परतणार होते. त्यांची अट एकच होती. जीप स्वतःच्या चाकांवर पानिपतला यावी आणि इंजिनाखाली तेलाचा थेंब पडू नये. "चढाई में तेल गया तो इंजन गया," ते फोनवर म्हणाले, "और इंजन गया तो मेरा सेब नीचे कौन लाएगा, बेटी?"

अट रास्त होती. अडचण इतकीच की थेंब पडत होता.

गुरुग्राम

आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या वाहनतळावर उंच चाकांच्या, डोंगर चढण्यासाठी घेतलेल्या पुष्कळ गाड्या आहेत. काहींच्या टपावर घडीचे तंबू आहेत. त्या शनिवारी धुतल्या जातात आणि रविवारी मॉलला नेल्या जातात. त्यांच्या रांगेत आमची जीप उभी असे, आणि तिच्याखाली पुठ्ठा. डोंगर, चिखल आणि पूर यांचा प्रत्यक्ष अनुभव असलेली तिथली ती एकमेव गाडी होती, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फक्त तिचे येत. "कृपया आपले वाहन कोरडे ठेवावे," असा एका शेजाऱ्यांचा संदेश मी अजून जपून ठेवला आहे.

ज्यांचा ऑइल कूलरशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रेडिएटरच्या पुढे बसवलेली ही एक लहान जाळी असते. इंजिनातले तापलेले तेल एका नळीने तिच्यात येते, वाऱ्यावर निवते आणि दुसऱ्या नळीने परत जाते. बशीत ओतून चहा निववण्याचाच हा प्रकार आहे. जाळीला दोन आखूड माना असतात, आणि प्रत्येक मानेवर मोठ्या नटाने एक नळी जोडलेली असते.

गळती शोधण्याचे काम मी पद्धतशीरपणे केले. जाळी धुतली, वाळवली, तिच्यावर बाबांची अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि इंजिन सुरू केले. वरच्या नटाभोवती पांढऱ्या पावडरीवर एक ओली काळी कड उमटली. पुरावा निर्विवाद होता. मी पाना घेतला आणि नट आवळला. संध्याकाळपर्यंत थेंब थांबला. सकाळी पुठ्ठ्यावर दुप्पट तेल होते.

"आवळायला पाहिजे," बाबा म्हणाले.

"आवळलाय."

"अच्छा. मग आणखी थोडा."

मी शुक्रवारची रजा टाकली. सोमवारी कंपनीत वरिष्ठांसमोर माझे सादरीकरण होते, त्यावर पुढच्या पदाचा निर्णय व्हायचा होता, आणि हा सगळा प्रकार रविवार दुपारच्या आत आटोपायचा असा माझा हिशेब होता. शनिवारी निघताना आईने डबा दिला आणि बाबांकडे पाहून म्हणाली, "जीप पोचली तर पोचली. तुम्ही मात्र परत या."

मायापुरी

दिल्लीत गाडी मरते तेव्हा तिचे अवयव मायापुरीला जातात. एका गल्लीत नुसती दारे, दुसऱ्या गल्लीत नुसते आरसे, तिसरीत ओळीने मांडलेले गिअरबॉक्स. दुकानदार स्टुलावर बसून जिवंत गाड्यांची वाट पाहतात. बाबा खुशीत होते. "मेडिकल कॉलेजसारखं आहे," ते म्हणाले, "फक्त इथले मुडदे कामाला येतात."

कूलर मिळाला. विकणाऱ्याने तो एकदाही वापरला गेला नसल्याची ग्वाही दिली, आणि ती देताना त्याच्यावरची धूळ व मागल्या मालकाचे तेल आपल्या बाहीने पुसले.

तो बसवायला आम्ही बलबीर उस्तादांकडे गेलो. बाबांच्या जुन्या कार्यालयामागच्या गल्लीत त्यांचे गॅरेज आहे. खात्याच्या सगळ्या जीप त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या तरी त्यांच्यामुळे वाचल्या असे त्यांचे मत आहे. उरलेल्या निम्म्यांविषयी ते बोलत नाहीत. त्यांनी कूलरचे एक तोंड बंद केले, दुसऱ्यातून हवा भरली आणि तो बादलीत बुडवला. बुडबुडा आला नाही. हीच चाचणी आमच्या प्रयोगशाळेत एका मोठ्या यंत्रावर होते, आणि ते यंत्र बहुधा दुरुस्तीला गेलेले असते.

"वैसे मैडम, इसकी ज़रूरत क्या है," बलबीर उस्ताद म्हणाले. "दोनों पाइप आपस में जोड़ देता हूँ, कूलर फेंको. यहाँ आदमी ठंडा नहीं हो रहा, आप तेल को ठंडा कर रहे हो."

"नेगीजी चढाव पे चलाने वाले है ना," बाबा म्हणाले. त्यांचे हिंदी इतक्या वर्षांनंतरही वर्ध्याच्या वळणाचे आहे.

"नेगीजी को बताएगा कौन?"

"मी," बाबा मराठीतच म्हणाले, आणि बलबीर उस्तादांना ते समजले.

कूलर बसला. उस्ताद हात धुवायला गेले तेवढ्यात मी पुढे होऊन माझे काम उरकले. आमच्या कंपनीत महत्त्वाचा नट बसवला की त्याच्यावरून शेजारच्या भागापर्यंत रंगाची एक सलग रेघ ओढतात. नट नंतर हलला तर रेघ तुटते आणि कळते. रंग नव्हता, म्हणून मी पर्समधले नेलपॉलिश वापरले. गडद लाल.

"ये क्या, नज़र का टीका?" परत आलेल्या उस्तादांनी विचारले.

"वैसा ही समझिए."

"अच्छा है," ते म्हणाले. "इसको नज़र बहुत लगती है."

मग त्यांनी जाहीर केले की ते आमच्याबरोबर येणार. त्यांची बहीण सोनिपतला असते, बऱ्याच दिवसांत भेट नाही, आणि वाटेत काही झाले तर ते असतीलच. ते असल्यावर वाटेत काही होण्याची शक्यता वाढते की कमी होते, याचा विचार करण्याइतकी माहिती तेव्हा माझ्याजवळ नव्हती.

महामार्ग

रात्री घरी परतलो, आणि शनिवारी सकाळी उस्तादांना त्यांच्या गल्लीतून घेऊन निघालो. आरशाला जयंतीच्या मिरवणुकीतला निळा झेंडा अजून बांधलेला होता. दिल्ली संपता संपता तो कचऱ्याचा डोंगर लागतो. त्याच्या माथ्यावर घारी घिरट्या घालतात, उतारांवर ट्रक चढत असतात, आणि दुरून पाहणाऱ्याला एखाद्या जुन्या किल्ल्याचा भास होतो. "इथे सपाट होतं," बाबा म्हणाले. "मी स्वतः मोजलंय." आपल्या डोळ्यांदेखत डोंगर जन्माला आलेला पाहण्याचे भाग्य भूगर्भशास्त्रज्ञांना लाभत नाही. ते दिल्लीच्या सरकारी नोकराला लाभते.

त्यापुढे गहू सुरू झाला. कापणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना पिवळ्या शेतांत यंत्रे फिरत होती, हवेत भुसा होता, आणि जीपच्या उघड्या बाजूंनी तो आत येऊन आमच्या घामावर बसत होता. विदर्भातला माणूस इतके सलग, एकरंगी पीक पाहून जरा बिचकतो. बाबांना त्यात तूर शोधायची सवय आहे. मिळत नाही, तरी ते शोधतात.

एकदा चहाला थांबलो, एकदा पेट्रोलला. बलबीर उस्ताद मागच्या आसनावरून बाबांच्या गाडी चालवण्यावर भाष्य करत होते. "साहब, ये जीप है, फ़ाइल नहीं. थोड़ा आगे बढ़ाइए." बाबा हसत होते. जीप सुरेख चालत होती. तेलाच्या दाबाचा काटा जिथे असायला हवा तिथे होता, आणि मी मनातल्या मनात सोमवारच्या सादरीकरणाची पहिली वाक्ये जुळवत होते.

मुरथल

मुरथलचे ढाबे आता विमानतळाएवढे झाले आहेत. आत शिरल्यावर कोणत्या दाराने बाहेर पडायचे ते विचारावे लागते. पराठा मात्र जुनाच आहे. बटाट्याचा, तंदूरमधला, आणि वर लोण्याचा एवढा मोठा गोळा की आधी तो बाजूला सारून पराठा आहे का ते पाहावे. बाबांनी ठेचा मागितला. वेटरने थोडा विचार केला आणि लोणच्यातल्या चार हिरव्या मिरच्या बशीत आणून ठेवल्या. बाबांनी त्या काट्याने चेचल्या, वर मीठ भुरभुरले आणि मान डोलावली. परप्रांतात चाळीस वर्षे काढलेला माणूस कसा जगतो हे ज्याला पाहायचे असेल त्याने ती बशी पाहावी.

मग वास आला. जळक्या तेलाचा वास एकदा ओळखीचा झाला की लोण्याच्या वासातूनही कळतो.

जीपखाली थेंब होता. आम्ही पाहत असताना दुसरा पडला. नवा कूलर, वरचाच नट, तीच जागा.

"माल ही ख़राब निकला," बलबीर उस्ताद म्हणाले. "मैंने बोला था, फेंको."

बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी रस्त्याकडे पाहिले, दिल्लीच्या बाजूला. भंगाराचे आवार त्या बाजूला होते.

मी मात्र संतापले होते, आणि संताप आला की मला बरे सुचते. दोन वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी घडवलेल्या दोन जाळ्या एकाच जागी, एकाच रोगाने मरत होत्या. जाळ्यांत दोष असता तर इतका योगायोग जमला नसता. दोष दोघींना समान असलेल्या गोष्टीत असणार, आणि समान गोष्टी तीनच होत्या. त्या तिन्ही तिथे उभ्या होत्या.

मी वाकून पाहिले. नेलपॉलिशची रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा मानेवरच्या तुकड्याच्या बराच पुढे गेला होता. थरथरीने नट सैल होतो तेव्हा तो उलट्या दिशेने फिरतो. हा आवळला गेला होता.

"या नटाला कोणी हात लावला?"

"मी नाही," बाबा म्हणाले. "मी फक्त बघितलं."

"कशाने बघितलंत?"

बाबांनी हात खिशात घातले. "पान्याने."

"कधी?"

"पेट्रोल भरताना. तू वॉशरूमला गेली होतीस. जरासाच, मनू. तोही लागत होता म्हणून."

बलबीर उस्ताद हसू लागले. "साहब, आपने पंप पे कसा? मैंने तो उससे पहले चाय पे कस दिया था."

"क्यों?" मी विचारले.

"तसल्ली के लिए." ते हसायचे थांबले. "और मैडम, कल जब मैं हाथ धो रहा था, आपके हाथ में क्या था?"

इथे वस्तुस्थिती नोंदवणे आवश्यक आहे. रेघ ओढण्यापूर्वी उस्तादांनी नट नीट बसवला आहे ना, याची मी खात्री केली होती. माझ्या शास्त्रात त्याला पडताळणी म्हणतात. हातात पाना होता.

पुढची चौकशी बाबांनी स्वतःहून सोपी केली. जुन्या कूलरचा नट ते दर रविवारी जीप धुऊन झाली की एकदा आवळत. कोणाला सांगायचे कारण पडले नव्हते.

ज्या घरांत माझ्यासारख्या मुली वाढतात तिथे हे नवलाचे नाही. आम्ही गावाला निघालो की बाबा गॅस बंद करतात. मग आई जाऊन तो बंद आहे का पाहते. मग मी. दाराला कुलूप लागल्यावर प्रत्येक जण ते एकदा ओढतो, आणि लिफ्ट आली की बाबा परत जाऊन आणखी एकदा ओढतात. एका वर्षी कडीच उपसून त्यांच्या हातात आली आणि गाडी चुकली. त्यातून धडा असा घेतला गेला की कडी कच्ची होती. पंजाबी माणसांत असे नसते अशी माझी समजूत होती. बलबीर उस्तादांनी ती दुरुस्त केली.

यांत्रिक भाग आता सरळ होता. नट एकाच पान्याने आवळला की त्याच्याबरोबर खालची मानही थोडी पिळली जाते. मान जाळीला झाळलेली, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडलेली असते. एकदा पिळली तर ती सोसते. तसल्ली, पडताळणी आणि रविवार अशा तिन्ही कारणांनी पिळत राहिली तर मुळाशी झाळ तडकते, तिथून तेल झिरपते आणि मानेवरून ओघळत नटाशी येते. मग नट सैल आहे असे वाटून माणूस पुन्हा पाना घेतो. माझ्या पावडरीने मला खरेच सांगितले होते. मी नटापाशी वाचायचे थांबले.

"म्हणजे गळत नव्हतं तेव्हाही आपणच…" बाबा म्हणाले.

"हो."

"तिघांनी मिळून."

"तिघांनी न मिळून," मी म्हणाले.

ढाब्यापासून थोड्या अंतरावर एक रेडिएटर दुरुस्त करणारा होता. त्याने मानेच्या मुळाशी पितळी झाळ दिली, आमचा कूलर त्याच्या हौदात बुडवला आणि बुडबुडा नाही हे आम्हा तिघांना वेगवेगळे दाखवले, कारण तिघांनीही वेगवेगळे पाहायला मागितले. तांब्याचा नवा वॉशर घातला. मग आम्ही दोन पाने घेतले. एकाने मान घट्ट धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. धरण्याचे काम मी बाबांना दिले.

"तुम्ही काही करायचं नाही. फक्त हलू द्यायचं नाही."

"मग मी काय केलं म्हणायचं?"

"तेच."

नट बसला. तो बसतो तेव्हा हाताला कळते. त्यापुढे जो जोर लावायचा असतो तो नटासाठी नसून आपल्या स्वतःसाठी असतो. बाबांच्या हाताच्या शिरा ताणलेल्या होत्या. इतका वेळ काही न करण्याची त्यांना सवय नव्हती. मी नवी रेघ ओढली, आणि रेडिएटरवाल्याने इंजिनातले जुने तेल काढून नवे भरले.

बलबीर उस्ताद बाजूला उभे राहून हे पाहत होते. त्यांनी जीपमधले सगळे पाने, आमचे आणि त्यांचे, एका गोणपाटात गुंडाळले आणि काखेत मारले.

"ये मैं बहन के घर ले जा रहा हूँ."

"आणि रस्त्यात काही झालं तर?" बाबांनी विचारले.

"क्या होगा, साहब? औज़ार ही नहीं है तो ख़राब कौन करेगा?"

सोनिपतच्या फाट्यावर ते उतरले. बहिणीसाठी मुरथलहून काही घेतले नाही हे त्यांना तिथे आठवले, आणि आईने दिलेला डबा आमच्या संमतीने त्यांच्याबरोबर गेला.

काळा आंब

पानिपतला पोचलेला मराठी माणूस काळ्या आंबाला जातो. तिथे जाऊन काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते. रात्र शहरातल्या एका लॉजमध्ये काढून आम्ही रविवारी सकाळी गेलो तेव्हा बाग स्वच्छ आणि शांत होती. लाल विटांच्या स्तंभापुढे एक कुटुंब आळीपाळीने फोटो काढत होते, आणि प्रत्येक जण फोटोपुरता गंभीर होत होता.

बाबा स्तंभाला एक फेरी घालून आले. "सरदारांची नावं सगळ्यांना पाठ असतात," ते म्हणाले. "पण दक्षिणेतून एवढ्या तोफा इथवर आल्या, त्यांच्या गाड्यांची चाकं वाटेत किती वेळा मोडली असतील. ती कोण दुरुस्त करत होतं?"

"बाजारबुणगे म्हणतात त्यांना इतिहासात."

"म्हणू दे. लोहार असतील, चांभार असतील, घोड्यांच्या नालांची कामं करणारे असतील. आपलं कोणी आलं असेल तर त्यांच्यात आलं असेल." त्यांनी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या जीपकडे पाहिले. "त्यांचं काम नीट झालं असणार. पोचले तर होते."

आम्ही निघालो. काटा जागेवर होता. बाबा तो पाहत नव्हते. तो मी दर मिनिटाला पाहत होते.

पानिपत

नेगीजींच्या लेकीच्या सासरी हातमागाचा व्यवसाय आहे. घरापुढे मोठे अंगण, एका कडेला सुताची गाठोडी, आणि आतून मागांची खटखट. नेगीजी बुटके, गोरे, हिमाचली टोपी घातलेले गृहस्थ होते. त्यांनी जीपभोवती फेरी मारली, टायर दाबून पाहिले, निळ्या झेंड्याला हात लावून "इसे रहने देना" म्हणाले, आणि मग लेकीला हाक मारली.

ती आतून एक कोरी पांढरी चादर घेऊन आली. नेगीजींनी ती स्वतःच्या हाताने इंजिनाखाली पसरली, कोपरे ताणले, सुरकुत्या काढल्या.

"इंजन चालू रहने दीजिए," ते म्हणाले. "हम चाय पिएँगे."

मी आयुष्यात पुष्कळ परीक्षा दिल्या आहेत. त्यांतल्या एकीतही परीक्षक माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसून, बिस्किट बुडवून खात, माझी उत्तरपत्रिका आपोआप लिहिली जाण्याची वाट पाहत नव्हता. बाबांनी पेला दोन्ही हातांत धरला होता. मी चादरीकडे पाहू नये म्हणून सफरचंदांविषयी प्रश्न विचारत होते. नेगीजी सविस्तर उत्तरे देत होते आणि चादरीवरून नजर काढत नव्हते.

पेला अर्धा झाला असेल तेव्हा चादरीवर एक डाग उमटला. वाटाण्याएवढा, काळा.

बाबांचा उजवा हात पेल्यावरून सुटला आणि गुडघ्यावर येऊन थांबला. हाताला पाना हवा होता. पाना सोनिपतला होता. नेगीजींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि टोपी परत घातली. "साहब," ते बाबांना म्हणाले, "मुझे ख़ुद अच्छी लगी थी."

मी उठले, डागाला बोट लावले आणि ते उन्हात धरले. मग तेल मोजायची पट्टी इंजिनातून ओढून बाहेर काढली. "नेगीजी, आत काल घातलेलं तेल आहे. ते मधासारखं आहे, बघा. आणि हे काळं आहे, दाट आहे. हे जुनं आहे. आधी गळलेलं तेल खालच्या लोखंडी पट्टीच्या खाचेत साचलं होतं, ते गरम होऊन आत्ता सुटलं." हे मी हिंदीत सांगितले, जरा वेगाने, आणि शेवटी "हा अनुमानाचा भाग आहे" असेही जोडले, कारण ते खरे होते.

नेगीजींनी पट्टी पाहिली, माझे बोट पाहिले. "बेटी, बात तुम्हारी ठीक लगती है," ते म्हणाले. "पर पहाड़ बात नहीं सुनता." त्यांनी चादर थोडी सरकवली, डाग बाजूला गेला आणि जीपखाली पुन्हा पांढरे कापड आले. "एक-एक चाय और."

दुसरा चहा आला. बाबांनी आता चादरीकडे पाहणेही सोडले होते. ते डोळे मिटून इंजिन ऐकत होते. मागांची खटखट आणि जीपची धडधड काही वेळ एका लयीत आली, मग सुटली. माझा चहा गार झाला, त्यावर साय आली. नेगीजींनी आपला संपवला, पेला उपडा ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून उठले, वाकले आणि चादरीचा मधला भाग दोन्ही हातांनी उचलून उजेडात पाहिला.

तो पांढरा होता.

"ले जाऊँगा," ते म्हणाले.

बाबांनी किल्ली दिली. मी ठरवले होते त्याप्रमाणे दुपारच्या बसची वेळ पाहू लागले. बाबा नेगीजींना चोकबद्दल, दुसऱ्या गिअरच्या हट्टाबद्दल सांगत होते आणि ते संपत नव्हते. वरच्या नटाविषयी त्यांनी फक्त एवढेच सांगितले: "उसको हाथ नहीं लगाना."

"ज़रा भी नहीं?"

"ज़रा भी नहीं."

नेगीजींनी टोपी सारखी केली. "साहब, इतना सब मुझे याद नहीं रहेगा. आप साथ क्यों नहीं चलते? रास्ते में बता देना. बाग़ में फूल हैं. चार-छह दिन रुकिए, फिर बस में बिठा दूँगा."

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "तयारी नाही काही. तिकडे थंडी असेल. गोळ्या पाहिजेत. आणि हिची आई…"

मी आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. तिने सगळे ऐकून घेतले. "जाऊ दे त्यांना," ती म्हणाली. "नाहीतर इथे येऊन रिकाम्या पार्किंगकडे बघत बसतील, आणि मला ते बघत बसावं लागेल."

"अगं, पण स्वेटर वगैरे," बाबा म्हणाले.

"तुमची बॅग काल मी उचलली होती," आई म्हणाली. "पानिपतला कोणी कानटोपी घेऊन जातं का एप्रिलमध्ये?"

बाबांनी फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी जीपच्या मागच्या आसनावरून त्यांची बॅग उचलून पाहिली. दोन दिवसांच्या प्रवासासाठी ती फारच जड होती. मी ती उघडली नाही. पुढच्या आसनाखाली नीट बसवली, बाबांचे पाय लागणार नाहीत अशी.

नेगीजी चालवायला बसले. बाबा शेजारी बसले, आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूला, आणि पाय कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. "सोमवारचं नीट कर," ते मला म्हणाले. "घाई नको करू." मग जीप फाटकातून बाहेर पडली, निळा झेंडा वळणावर एकदा फडफडला आणि ती करनालच्या रस्त्याला लागली.

चादर लेकीने घडी करून नेली होती. फाटकापाशी जीप थोडा वेळ थांबली होती, समोरून ट्रॅक्टर येत होता म्हणून. मी तिथे गेले आणि खाली वाकून पाहू लागले. फरशीवर ऊन होते, सुताचे थोडे तुकडे होते. मी हात फिरवून पाहिला.

"दीदी, कुछ गिर गया क्या?" लेकीने ओसरीवरून विचारले.

"नहीं," मी म्हणाले. "कुछ नहीं गिरा."